श्वासाला दुसरी वाट

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

'केसाने गळा कापणे' असा एक वाक्प्रचार आपल्या मराठीत आहे. विश्वासघात करणाऱ्यासाठी आपण तो वापरतो. मला त्यात आणखी एक अर्थ दिसतो. सुरी निदान दिसते, माणूस सावध तरी होतो. केस दिसत नाही. हत्यार जितके बारीक, तितका घाव कळायला उशीर.

इस्पितळांच्या जाहिरातींत हल्ली 'बिनटाक्याची शस्त्रक्रिया', 'दुर्बिणीतून शस्त्रक्रिया', 'छोट्याशा छिद्रातून शस्त्रक्रिया' हे शब्द सर्रास दिसतात. पोटाच्या आणि सांध्यांच्या बाबतीत या तंत्राने रुग्णांचे हाल किती कमी केले, हे वेगळे सांगायला नको. पण डोके आणि मान यांचा मामला निराळा. चार बोटांच्या जागेत श्वासनलिका, अन्ननलिका, मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमन्या, आवाजाच्या नसा आणि थायरॉइडची ग्रंथी दाटीवाटीने बसलेल्या. जुन्या चाळीत एका खोलीत खिळा ठोकला की शेजारच्या भिंतीचा पोपडा पडतो, तशी गत. अशा जागी छिद्र छोटे म्हणजे धोकाही छोटा, असे धरून चालता येईल का? हा प्रश्न आजचा नाही. त्याला हजार वर्षांचा इतिहास आहे, आणि तो सर्वात स्पष्ट दिसतो एका अगदी लहान शस्त्रक्रियेत. नाकातोंडाकडून श्वासाची वाट बंद झाली, तर गळ्याला पुढून छेद द्यायचा आणि श्वासनलिकेत नळी बसवायची. डॉक्टर तिला ट्रॅकिऑस्टॉमी म्हणतात. आपण म्हणतो, 'गळ्याला भोक पाडून नळी घातली.' तोंडाच्या, जिभेच्या, घशाच्या कर्करोगाची मोठी शस्त्रक्रिया होते तेव्हा अनेकांच्या गळ्यात काही दिवस ही नळी असते. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली बंदी आली. तंबाखू आणि मिश्री राहिली. त्यामुळे ही नळी पाहिलेली घरे आपल्याकडे कमी नाहीत.

गोष्ट स्पेनपासून सुरू करू या. दहाव्या शतकाच्या अखेरीस कॉर्डोबाच्या परिसरात अबुल कासिम अल-जहरावी नावाचे वैद्य होऊन गेले. त्यांचा 'किताब अल-तसरीफ' हा ग्रंथ तीस भागांचा. शेवटचा भाग शल्यक्रियेचा, आणि त्यात हत्यारांची सुमारे दोनशे चित्रे. गळ्याला छेद देण्याची युक्ती प्राचीन ग्रीक वैद्यांना ठाऊक होती. पण जहरावी प्रांजळपणे लिहितात की आपल्या मुलखात ती करणारा कोणी मी पाहिलेला नाही. मग ते एक अनुभव सांगतात. एका गुलाम मुलीने सुरीने स्वतःचा गळा कापून घेतला. जहरावींना बोलावणे आले. जखमेतून हवा बाहेर पडत होती, मोठी रक्तवाहिनी मात्र तुटली नव्हती. त्यांनी जखम शिवली. मुलगी बरी झाली. आवाज तेवढा घोगरा राहिला. त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की या जागी दिलेला छेद जीवघेणा असतोच असे नाही.

बाराव्या शतकात सेव्हिलचे इब्न जुहर यांनी आणखी एक पाऊल टाकले. युरोपने त्यांना अवेन्झोअर म्हटले. उमेदवारीच्या काळात त्यांनी या छेदाविषयीची उलटसुलट मते वाचली आणि एका बकरीवर प्रयोग केला. कातडी कापली, तिच्या श्वासनलिकेचा एका लहानशा दाण्याएवढा तुकडा काढला आणि जखम मध-पाण्याने धुत राहिले. जखम भरली. बकरी पुढे बराच काळ जगली. ११६२ साली इब्न जुहर वारले. आज रुग्णांच्या सुरक्षिततेवर जाड जाड ग्रंथ लिहिले जातात. त्यांतले पहिले पान या बकरीसाठी राखून ठेवावे असे मला वाटते. माणसाच्या गळ्याला हात घालण्याआधी हे करून पाहिले पाहिजे, ही बुद्धी त्या काळात सुचली हे थोडेथोडके नाही.

अरबीत श्वासनलिकेला जो शब्द आहे त्याचा मूळ अर्थ होतो 'फुफ्फुसाचा वेळू'. वेळूला भोक पाडले की त्याची बासरी होते. गळ्याच्या वेळूला भोक पाडले की आवाज जातो, कारण श्वास स्वरयंत्रापर्यंत पोचण्याआधीच बाहेर पडतो. कवीने या शब्दावर फार रेंगाळू नये. पण ज्यांच्या घरी हे घडले आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

युरोपात हा छेद पुढची काही शतके भीतीनेच ओळखला गेला. १५४६ साली इटलीत ब्रासाव्होलाने तो यशस्वीपणे दिला. पादुआचा फॅब्रिशियस याने नळीला दोन पंख लावावेत असे सुचवले, म्हणजे ती आत घसरून जाणार नाही. त्याने स्वतः मात्र ही शस्त्रक्रिया कधी केली नाही. पॅरिसच्या हबिकोची गोष्ट गमतीची आहे. चोरांच्या भीतीने एका चौदा वर्षांच्या पोराने सोन्याच्या नाण्यांची पुरचुंडी गिळली. ती अन्ननलिकेत अडकली आणि श्वासनलिका चेपली गेली. हबिकोने गळ्याला छेद देऊन श्वास मोकळा केला आणि पुरचुंडी खाली ढकलली. पोरगा वाचला, आणि नाणी यथावकाश निसर्गाच्या वाटेने परत मिळाली! १६२० साली हबिकोने हे सारे छापले.

आणि एक गोष्ट न केलेल्या छेदाची. १४ डिसेंबर १७९९ रोजी अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन घसा सुजून गुदमरत होते. उशाशी तीन डॉक्टर. त्यांतल्या सर्वात तरुण एलिशा डिकने गळ्याला छेद देण्याचे सुचवले. दोघा ज्येष्ठांना ते धाडस पटले नाही. त्याऐवजी शिरेतून रक्त काढण्याचा त्या काळचा रूढ उपाय पुन्हा पुन्हा केला गेला. त्या रात्री वॉशिंग्टन गेले. आता कोणाला दोष द्यायचा? ज्येष्ठांनी 'सुरक्षित' मार्ग धरला होता. काही न कापणे हे सुरक्षित असतेच असे नाही, हे त्यातून दिसते.

एकोणिसाव्या शतकात या शस्त्रक्रियेला काम मिळाले ते घटसर्पामुळे. घटसर्पात लेकरांच्या घशात राखाडी पापुद्रा धरतो आणि श्वास कोंडतो. १८२५ साली फ्रान्समधल्या तूर गावी ब्रेतोनो यांनी अशा एका चिमुरडीला छेद देऊन वाचवले. त्यांचे शिष्य त्रूसो यांनी दोनशेहून अधिक मुलांवर ही शस्त्रक्रिया केली. त्यांतली सुमारे एक चतुर्थांश वाचली. चारात एक. आज हा आकडा ऐकून कोणीही हादरेल, पण त्यांना त्याचे समाधान होते, कारण एरवी चारही जात.

मग १८८५च्या सुमारास न्यूयॉर्कच्या जोसेफ ओड्वायर यांनी बिनछेदाचा उपाय आणला. धातूची छोटी नळी तोंडातूनच स्वरयंत्रात बसवायची. ना सुरी, ना रक्त. आईबापांना हे किती हायसे वाटले असेल! पण या नळीला एक अट होती. लेकराने खोकून ती बाहेर टाकली, किंवा पापुद्रा अडकून ती बुजली, तर ती परत बसवणारा वाकबगार माणूस जवळ हवा. गळ्यातल्या नळीचा आतला भाग परिचारिका काढून धुऊन परत घालू शके. म्हणजे कमी कापणारा उपाय चालायला अधिक कसबी हात रात्रंदिवस हजर असावे लागत. ही अट आजही सुटलेली नाही. पुढे घटसर्पावर लस निघाली आणि तो वाद मागे पडला.

दरम्यान आणखी एक शोध लागला होता, आणि तो लावला होता एका गाण्याच्या मास्तराने. मॅन्युएल गार्सिया हा मूळचा स्पॅनिश गायनगुरू. आवाज गळ्यात कुठे आणि कसा तयार होतो हे त्याला डोळ्यांनी पाहायचे होते. १८५४ साली पॅरिसमध्ये त्याने दंतवैद्याचा छोटा आरसा घशात धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडले आणि स्वतःच्या स्वरतंतू हलताना पाहिल्या. पुढे मध्य युरोपातल्या डॉक्टरांनी हा आरसा उचलला आणि काही वर्षांतच घशात चिमटे, तारा, तापलेली तार घालून गाठी काढायला सुरुवात केली. तोंडाच्या वाटेने, बाहेर एकही छेद न देता. कमीत कमी छेदाची शस्त्रक्रिया म्हणतात ती मान-घशाच्या बाबतीत इथून सुरू झाली, असे म्हणायला हरकत नाही.

तिची पहिली मोठी कसोटी एका राजपुत्राच्या गळ्यात लागली.

जर्मनीचा युवराज फ्रेडरिक याचा आवाज १८८७च्या जानेवारीत बसला. स्वरतंतूवर एक छोटी गाठ होती. बर्लिनच्या गेरहार्ट यांनी ती आधी तारेने उचलून पाहिली, मग तापलेल्या तारेने जाळली. गाठ परत आली. शल्यविद बेर्गमान म्हणाले, गळा बाहेरून उघडून ती समूळ काढू. दिवस ठरला. तेवढ्यात लंडनहून मोरेल मॅकेन्झी यांना बोलावले गेले. तोंडातून शस्त्रक्रिया करण्यात ते त्या काळचे नामांकित. त्यांनी सांगितले, आधी तुकडा तपासा. २१ मे १८८७ रोजी त्यांनी चिमट्याने गाठीचा लहानसा तुकडा काढला. तो गेला थोर विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांच्याकडे. या तुकड्यात कर्करोग नाही, असे त्यांनी कळवले. मोठी शस्त्रक्रिया रद्द झाली. जून महिन्यात फ्रेडरिक सासूबाईंच्या, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाला लंडनला जाऊनही आला. सप्टेंबरात मॅकेन्झींना 'सर' किताब मिळाला.

नोव्हेंबरात इटलीच्या किनाऱ्यावर सान रेमो येथे घशात नवी गाठ दिसली आणि कर्करोग आहे हे सर्वांनाच कळून चुकले.

या प्रकरणावर इंग्रज आणि जर्मन डॉक्टर वर्षानुवर्षे भांडले. कोणाचा अभिमान कुठे दुखावला हे मोजण्यात मला रस नाही. फिर्खोंनी जे पाहिले ते खरेच सांगितले होते. चिमट्याने आणलेला तुकडा स्वतःपुरतेच बोलतो. त्याच्या खाली किंवा शेजारी काय दडले आहे हे तो सांगत नाही. आजही घशाची दुर्बिणीतून तपासणी होते, छोटा तुकडा काढला जातो, अहवाल 'निर्दोष' येतो, आणि तरी डॉक्टर म्हणतात, पुन्हा तपासू. रुग्णाचे नातलग वैतागतात. या वैतागावर फ्रेडरिकची हकिगत हा चांगला उतारा आहे.

९ फेब्रुवारी १८८८ रोजी फ्रेडरिक गुदमरू लागला. बेर्गमानचे साहाय्यक ब्रामान यांनी गळ्याला छेद देऊन नळी घातली. मार्चमध्ये वडील वारले आणि हा मुका माणूस सम्राट झाला. कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून तो बोलत असे. आमच्या एका मामूंना जिभेच्या शस्त्रक्रियेनंतर नातवाची पाटी दिली होती. मामू भिडस्त. पाटीवर आधी 'मेहेरबानी करून' लिहायचे आणि मग 'पाणी'. तोवर पाटी भरायची. सम्राट आणि मामू यांच्यात ही नळी फरक करत नाही.

१२ एप्रिलला नळी बदलताना घोटाळा झाला. मॅकेन्झींनी पुढे पुस्तक लिहून जाहीर आरोप केला की बेर्गमान यांनी घातलेली नळी श्वासनलिकेत न जाता मानेच्या मांसात गेली, रक्त वाहिले आणि नंतर तिथे पू झाला. हे पुस्तक लिहिल्याबद्दल लंडनच्या शल्यविदांच्या संस्थेने मॅकेन्झींचीच कानउघाडणी केली. १५ जूनला, नव्व्याण्णव दिवसांच्या राज्यानंतर, फ्रेडरिक वारला. त्याचा मुलगा दुसरा विल्हेल्म गादीवर आला.

आरोप खरा असो वा नसो, त्यात सांगितलेला धोका खरा आहे. नळी दिसते जागेवर, पण असते भलत्याच वाटेत. डॉक्टर तिला 'खोटी वाट' म्हणतात. गाठीने, सुजेने, किरणोपचारांनी मानेची रचना बदललेली असेल तर ही खोटी वाट सहज सापडते. ती पुढे शंभर वर्षांनी पुन्हा भेटणार आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या शेव्हालिये जॅक्सन यांनी या शस्त्रक्रियेला शिस्त लावली. मुलांनी गिळलेल्या पिना, नाणी, बिल्ले दुर्बिणीने काढण्यात या गृहस्थांनी आयुष्य घालवले. तशा दोन हजारांहून अधिक वस्तू फिलाडेल्फियाच्या म्यूटर संग्रहालयात खणांत मांडून ठेवल्या आहेत. १९०९ साली त्यांनी गळ्याच्या छेदाची पद्धत पायरीपायरीने लिहून काढली. १९२१ साली दाखवून दिले की छेद फार वर, स्वरयंत्राच्या खालच्या कडीजवळ दिला तर पुढे तिथे श्वासमार्ग आक्रसतो. वर छेद देणे सोपे असते, कारण तिथे श्वासनलिका कातडीजवळ येते. सोपे तेच घातक निघाले. हे त्यांना कळले ते बिघडलेल्या रुग्णांची नोंद ठेवल्यामुळे, आणि हे काम कोणाला कीर्ती देत नाही.

१९५२ साली कोपनहेगनला पोलिओची साथ आली. ब्यॉर्न इब्सेन यांनी गळ्यातल्या नळीला रबरी पिशवी जोडून एका बारा वर्षांच्या मुलीला हाताने श्वास दिला. ती वाचली, आणि मग सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळ्या लावून पिशव्या दाबत बसले. आजचा अतिदक्षता विभाग यातूनच उभा राहिला. गळ्याची नळी रोजची झाली. रोजची झाल्यावर ती सोपी व्हावी असे वाटणारच.

सोपी करण्याचा एक प्रयत्न १९५०च्या दशकात झाला होता. सुईच्या आधाराने धारदार पाते आत सारायचे. त्यात आसपासच्या अवयवांना इजा होऊन मृत्यू ओढवले आणि ती पद्धत मागे पडली. मग १९८५ साली न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका गावच्या पास्क्वाले चालिया यांनी नवी रीत मांडली. श्वासनलिकेत सुई घालायची, सुईतून तार सोडायची, सुई काढायची, आणि तारेवरून एकाहून एक जाड सळया सारत भोक रुंद करून नळी बसवायची. सळया त्यांनी मूत्रपिंडाच्या उपचारासाठीच्या संचातल्या वापरल्या. शस्त्रक्रियागृह नको, पलंगाजवळ काही मिनिटांत काम होते. जगभर ती पसरली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यात दिसले की जुन्या छेदाच्या तुलनेत जखमेत जंतू होण्याचे आणि व्रण विद्रूप होण्याचे प्रमाण या रीतीत कमी आहे. मृत्यूच्या प्रमाणात ठळक फरक दिसला नाही.

पण ही रीत मुळात ज्यांच्यासाठी निघाली ते अतिदक्षता विभागातले रुग्ण. त्यांची मान साबूत असते, आणि तोंडाची वाट उघडी असते. ही दुसरी गोष्ट नीट ध्यानात घ्या. सुईने केलेले भोक पहिले काही दिवस कच्चे असते. नळी निसटली तर मांस मिटते आणि घाईत पुन्हा घालायला गेले की तीच खोटी वाट. अशा वेळी साध्या रुग्णाच्या तोंडातून नळी घालून वेळ निभावता येते. जिभेची किंवा जबड्याची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचे तोंड सुजलेले, मांडीचे किंवा हाताचे मांस आणून शिवलेले. तिथून वाट मिळेल याची खात्री कोण देणार? आणि किरणोपचारांनी मान लाकडासारखी झाली असेल तर बोटाला श्वासनलिका लागतच नाही. म्हणून आरंभी अशा रुग्णांना ही रीत वर्ज्यच मानली गेली.

चित्र थोडे बदलले ते दुर्बिणीमुळे. नाकातोंडातून बारीक दुर्बीण आत ठेवली की सुई श्वासनलिकेत शिरताना पडद्यावर दिसते. ती मध्यावर आहे की कडेला, मागची भिंत भेदून अन्ननलिकेत जाते आहे का, सारे दिसते. गार्सियाच्या आरशाचीच ही पणती. काही केंद्रांनी मग तोंडाच्या कर्करोगाच्या निवडक रुग्णांवर, मोठ्या शस्त्रक्रियेच्या जोडीनेच, वाट अजून उघडी असताना, दुर्बिणीच्या नजरेखाली ही रीत वापरली. भोक नळीला घट्ट बसते, त्यामुळे कफ मानेच्या ताज्या जखमेत झिरपण्याची भीती कमी. अनुभव चांगले आले. ज्याची वाट गाठीने आधीच कोंडली आहे, त्याला मात्र बहुधा जागेपणी, गळ्याला भूल देऊन, जुना उघडा छेदच द्यावा लागतो.

२०११ साली ब्रिटनमध्ये एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. वर्षभरात देशातल्या सरकारी इस्पितळांत श्वासमार्गाच्या बाबतीत जे गंभीर घोटाळे झाले त्यांची ती नोंद. १८४ प्रकरणे. भुलेच्या वेळी झालेल्या घोटाळ्यांत दहांपैकी सुमारे चार रुग्ण डोके-मानेच्या विकारांचे होते. जीव जाण्याच्या घटकेला गळ्यातून बारीक नळी घालण्याचे भूलतज्ज्ञांचे प्रयत्न सुमारे साठ टक्के फसले. शल्यविदांनी दिलेला उघडा छेद जवळजवळ प्रत्येक वेळी लागू पडला. २०१५च्या ब्रिटिश मार्गदर्शक सूचनांनी अशा घटकेला सरळ सुरी हाती घ्यायला सांगितले. इतक्या वर्षांनी सुरीचा मान परत आला! अतिदक्षता विभागातले अनेक अपघात नळी निसटल्याचे होते. श्वासातला कर्बवायू मोजणारे छोटे यंत्र जोडलेले असते तर नळी जागेवर नाही हे लगेच कळले असते. ते यंत्र नसणे हे तिथल्या सुमारे तीन चतुर्थांश मृत्यूंचे एक कारण असावे, असे पाहणीने म्हटले.

असाच एक निराळा धोका पोटाच्या नळीचा. घशाच्या रुग्णाला अन्न देण्यासाठी दुर्बिणीच्या मदतीने, पोट न उघडता, जठरात नळी बसवण्याची रीत १९८० साली अमेरिकेतून प्रसिद्ध झाली. लाखोंना तिचा आधार मिळाला. पण नळी तोंडातून ओढून नेताना घशातल्या गाठीला घासते, आणि क्वचित गाठीच्या पेशी पोटाच्या भोकापाशी रुजतात. हा प्रकार विरळा आहे. साध्या रुग्णात तो संभवत नाही, घशाच्या कर्करोगाच्या रुग्णात संभवतो, म्हणून गाठ शाबूत असताना अनेक डॉक्टर तोंडातून न जाणारी पद्धत निवडतात.

'भोक किती लहान?' हा प्रश्न नातलग हमखास विचारतात. 'रात्री दोन वाजता नळी निसटली तर इथे कोण असेल, आणि वरून वाट आहे का?' हा प्रश्न क्वचित कोणी विचारतो. ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी २०१२ साली या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पलंगाच्या उशाशीच टांगायची पद्धत सुचवली. हिरवा फलक असेल तर तोंडाकडून वाट असण्याची शक्यता आहे. लाल फलक असेल तर स्वरयंत्र काढलेले आहे, प्राणवायू द्यायचा तो गळ्यातूनच, तोंडावर मुखवटा धरून उपयोग नाही. फलकावर छेद कोणत्या दिवशी आणि कोणत्या रीतीने दिला हेही लिहायचे असते, म्हणजे रात्रपाळीला आलेल्या नव्या डॉक्टरला कोणालाही न उठवता ते वाचता येते.